घड्याळाची चुगली

दर सहा महिन्यांनी मी वीस मिनिटांपुरती बरी होते. न्यूरोलॉजिस्टच्या दारात पाऊल ठेवलं की कुठून अंगात येतं कोण जाणे, चाल सुधारते, उजवा हात हलायला लागतो, चेहऱ्यावर हसूसुद्धा येतं. मग नेहमीची कवायत. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटा, मूठ उघडा-मिटा, तळहात उलटा-सुलटा करा, टाच जमिनीवर आपटा, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठा, बोळाच्या टोकापर्यंत जाऊन या. शेवटी डॉक्टर मागे उभे राहून दोन्ही खांदे झटकन मागे ओढतात, तोल सावरतो का ते बघायला. मी सावरते. "छान चाललंय की," ते म्हणतात. मीही म्हणते, "हो, बरं चाललंय."

नवरा शेजारच्या खुर्चीत बसून छताकडे बघत असतो. गाडीत बसल्यावर म्हणतो, "काल दुपारी तुझ्या कार्डिगनची बटणं मी लावली, ते कोण सांगणार होतं?"

मी मुद्दाम लपवत नव्हते. एक तर माझी वेळ कायम सकाळी अकराची, म्हणजे दहाची गोळी पुरती चढलेली. दुसरं, परक्या माणसासमोर परीक्षा द्यायची म्हटलं की पार्किन्सन्सचा माणूस थोडा वेळ खरोखरच बरा हलतो. डॉक्टरांनाही हे ठाऊक असतं. आणि तिसरं, "कशा आहात?" या प्रश्नाला "बरी आहे" याशिवाय वेगळं उत्तर असतं हे आमच्या सांगलीच्या घरात कुणी शिकवलंच नाही. आजीचं पाऊल मोडलं होतं तेव्हाही ती बरीच होती.

मी मेलबर्नच्या पश्चिमेला राहते, वेरिबीच्या बाजूला. इथे येऊन तीस वर्षं होत आली. नोकरी पगाराच्या हिशेबांची, दीड वर्षापूर्वी सोडली. आजाराचं निदान होऊन सात वर्षं झाली. पहिली खूण हात थरथरण्याची नव्हती, अक्षराची होती. किराण्याची यादी मी मराठीत लिहिते. ओळीच्या सुरुवातीला 'तुरीची डाळ' ठीक असायची, शेवटचं 'हिंग' वाचायला भिंग लागायचं. शिरोरेघही सरळ न जाता वर वर चढायची, जणू प्रत्येक शब्दाला डोंगरावर जायचंय. नवऱ्याने दोन-तीनदा चुकीच्या वस्तू आणल्या, भांडणं झाली, आणि मग आम्ही जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, गेलो.

गोळीचं गणित थोडं सांगते, कारण पुढची गंमत त्याशिवाय कळणार नाही. या आजारात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. गोळीतला लेव्होडोपा मेंदूत पोचला की त्याचं डोपामिन होतं. सोबत बेन्सेराझाइड नावाचं दुसरं औषध असतं, ते लेव्होडोपाला वाटेत, मेंदूच्या बाहेरच, खर्च होऊ देत नाही. सुरुवातीच्या वर्षांत गोळी दिवसभर पुरल्यासारखी वाटते. पुढे असर लवकर ओसरायला लागतो आणि दोन गोळ्यांमध्ये खड्डे पडतात. चालू असलेला वेळ तो 'ऑन', खड्डा तो 'ऑफ'. आणि औषध जास्त झालं तर तिसरीच तऱ्हा: मान, खांदे, हात आपोआप वळवळायला, डोलायला लागतात. त्याला डिस्कायनेसिया म्हणतात. म्हणजे कमी पडलं तर पुतळा, जास्त झालं तर झाडाची फांदी, आणि मधली जागा वर्षागणिक अरुंद होत जाते. माझ्या पाच गोळ्या होत्या: सकाळी साडेसहा, दहा, दुपारी दीड, संध्याकाळी पाच, रात्री साडेआठ.

हे खड्डे कुठे पडतात ते कळावं म्हणून डॉक्टरांनी मला तीन दिवसांचा एक तक्ता दिला होता. अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन, प्रत्येकात खूण करायची: झोप, ऑन, ऑफ, वळवळ. पगाराचे तक्ते भरण्यात माझं आयुष्य गेलं, पण हा मी रविवारी रात्री एकदम भरला. सगळाच्या सगळा, आठवून, शाळेतल्या प्रयोगवहीसारखा. डॉक्टरांनी तो पाहिला, तीनही दिवस अगदी एकसारखे आहेत हे त्यांच्या लक्षात आलं असणार. काही बोलले नाहीत. म्हणाले, "आपण घड्याळ लावून बघू."

हे घड्याळ आमच्याच गावचं. पार्कव्हिलच्या फ्लोरी या मेंदू-संशोधन संस्थेतल्या माल्कम हॉर्न आणि रॉब ग्रिफिथ्स या संशोधकांनी ते तयार केलं. नाव पर्सनल कायनेटिग्राफ, सगळे पीकेजी म्हणतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली त्याला मान्यता दिली. ब्रिटनमध्ये २०२३ साली आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या 'नाइस'ने पार्किन्सन्ससाठी अशी पाच यंत्रं वापरायला हरकत नाही असं सांगितलं, त्यात हेही आहे. त्या पाचांतलं एक स्पेनचं आहे आणि ते कमरेला बांधतात. ते मला मिळालं असतं तर साडीच्या निऱ्यांशी त्याचं कसं जमलं असतं, हा विचार मनात येऊन गेला. मुलगा सिडनीहून म्हणाला, "आई, स्मार्टवॉच घे ना, त्यातही हल्ली थरथर मोजतात." मोजत असतील. पण माझ्या डॉक्टरांना ज्या कागदाची भाषा वाचता येते तेच घड्याळ मला हवं होतं.

टपालाने खोकं आलं. आत घड्याळ, सूचनांचा कागद आणि परतीचं पाकीट. घड्याळ म्हणायचं, पण त्यात बघण्यासारखं काही नाही. काळा ठोकळा आणि पट्टा. माझ्या गोळ्यांच्या वेळा त्यात आधीच भरलेल्या होत्या. वेळ झाली की ते मनगटावर गुरगुरतं. गोळी घेतली की त्याच्यावर अंगठा ठेवायचा, मग ते गप्प होतं. बाकी सहा दिवस काही करायचं नाही, नेहमीसारखं जगायचं.

पहिल्याच दिवशी मी चूक केली. घड्याळ डाव्या हातात घातलं. चाळीस वर्षांची सवय, घड्याळ म्हणजे डावा हात! माझी आजारी बाजू उजवी. जेवताना नवऱ्याच्या लक्षात आलं. नर्सला फोन केला, ती हसली आणि म्हणाली, हात बदला, किती वाजता बदलला ते कागदावर लिहून ठेवा. मग मी तिला विचारलं, "मी रोज कणीक भिजवते, पोळ्या लाटते, तेवढ्यापुरतं काढून ठेवू का? खराब होईल." ती म्हणाली, "अजिबात काढू नका. तुमचा दिवस जसा आहे तसा आम्हाला हवाय." म्हणून त्या ठोकळ्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून मी कणीक मळली. तरी पट्ट्याच्या भोकात पीठ गेलंच. परत पाठवताना टाचणीने काढलं.

आत काय चालतं ते मी नंतर समजून घेतलं. ठोकळ्यात हालचालीचा वेग कसा वाढतो-घटतो ते मोजणारं एक बारीक यंत्र आहे. संगणक त्या नोंदीचे दोन दोन मिनिटांचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याला दोन गुण देतो, एक मंदपणाचा, एक वळवळीचा. मंद झालेला माणूस हळू आणि थोडकं हलतो, शिवाय एक हालचाल झाली की दुसरी सुरू व्हायला वेळ लावतो. वळवळणाऱ्या माणसाच्या हालचालींमध्ये असा खंडच पडत नाही. फरक त्या मधल्या थांबण्यात आहे. मला हे फार पटलं. कुणाच्या घरी पाट-पाणी घेताना, भाजी चिरताना, मी मुळात हळू नसतेच. कांदा चिरला की पुढचा कांदा उचलायला माझा हात विचार करत बसतो.

चौथ्या दिवशी मला शहरात जायचं होतं. घरून निघायला उशीर झाला, दीडची गोळी जेवणाबरोबरच घाईत गिळली. तीनच्या सुमाराला वेरिबी स्टेशनच्या फाटकाशी आले. तिकिटाचं मायकी कार्ड काढायला बोटं लागेनात, ती एक अडचण. ते निघालं, टेकवलं, फाटक उघडलं, आणि माझे पाय जमिनीला चिकटले. ज्यांना हे होत नाही त्यांना कसं सांगावं? पाय दुखत नाहीत, जड होत नाहीत, फक्त 'चल' हा निरोप त्यांच्यापर्यंत पोचत नाही. अरुंद जागेत, दारात, माझं हे असं होतं. फाटक मिटलं. मागे शाळेचा गणवेश घातलेली पोरं. एकाने विचारलं, "आर यू ओके?" मी अर्थातच म्हणाले, "येस, येस, फाइन." मग फिजिओथेरपिस्टने शिकवलेली युक्ती आठवली, समोरच्या फरशीवरची एक रेघ धरली आणि ती ओलांडायची म्हणून पाऊल उचललं. तेवढ्यात कार्डाची वेळ निघून गेली होती. स्टेशनवरच्या माणसाने बाजूचं रुंद फाटक उघडून दिलं. त्या सगळ्या काळात घड्याळ मनगटावर गप्प. मी त्याच्याकडे बघून मनात म्हटलं, लिही बाबा हे, लिही.

पाचव्या दिवशी शनिवार. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पॉइंट कुकला एका मैत्रिणीच्या घरी आमचं भजन असतं. पेटी, टाळ, एक ढोलकी, वीसेक माणसं, नंतर मसालेभात. मी पूर्वी म्हणायचे, आता आवाज बारीक झालाय म्हणून नुसती ऐकते. त्या दिवशी ऐकता ऐकता मी डोलत होते. असं मला नंतर कळलं, मला स्वतःला काही जाणवत नव्हतं. निघताना मैत्रीण म्हणाली, "तुझ्याकडे बघूनच आम्हाला रंग चढला. काय तल्लीन झाली होतीस!" मला बरं वाटलं. विठ्ठलानेही बघितलं असेल, असंही वाटून गेलं.

सातव्या दिवशी पाकीट टपालपेटीत टाकलं. घड्याळ गेल्यावर दहा वाजता मनगट गुरगुरल्याचा भास दोन दिवस होत राहिला.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांकडे. या वेळी आधी बोटं आपटली नाहीत. त्यांनी टेबलावर एक छापील कागद ठेवला. आडवा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. मध्यभागी दोन रेषा, एक वरच्या अंगाला वळवळीची, एक खालच्या अंगाला मंदपणाची, आणि ज्यांना हा आजार नाही त्यांच्या हालचाली साधारण कुठे असतात तो पट्टा. गोळ्यांच्या वेळा उभ्या रेघांनी दाखवलेल्या. खालची रेषा पट्ट्यातून खाली घसरली की मी मंद, वरची वर उसळली की वळवळ. माझा सहा दिवसांचा संसार त्या एका पानात मावला होता. शेअर बाजाराचा आलेख बघतात तसा आम्ही दोघं नवरा-बायको त्यावर वाकलो.

"गोळ्या अगदी वेळेवर घेता तुम्ही," डॉक्टर म्हणाले. हे ऐकून माझ्यातल्या पगार खात्याच्या बाईला राहवलं नाही. कबूल केलं की घड्याळ गुरगुरलं की मी अंगठा लगेच ठेवायचे, गोळी मात्र हातातलं काम आटोपल्यावर घ्यायचे. कधी दहा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने. घड्याळाला अंगठा कळतो, घशाखाली काय गेलं ते कळत नाही. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

मग त्यांनी साडेअकराजवळच्या एका छोट्या उंचवट्यावर पेन ठेवलं. "इथे रोज काय करता?" मी आठवून म्हटलं, "पोळ्या." जोराच्या, सलग हालचालीने वळवळीचा आकडा वर जाऊ शकतो, म्हणून त्यांनी तो उंचवटा सोडून दिला. त्यांच्या वहीत त्यांनी काय लिहिलं माहीत नाही, पण कणीक मळण्याची नोंद त्यांच्याकडे झाली याचं मला उगीच समाधान वाटलं.

दुपारची गोष्ट मात्र सुटण्यासारखी नव्हती. साडेसहाच्या आणि दहाच्या गोळीनंतर रेषा वर येत होती. दीडच्या गोळीनंतर ती येतच नव्हती. जवळजवळ पाचपर्यंत खड्डा, रोज. त्यात काही तुकडे असे की हात हललेलाच नाही, म्हणजे मी बसल्या जागी डुलक्या काढत होते. "दीड वाजता नक्की काय होतं?" त्यांनी विचारलं. "जेवण," मी म्हणाले. "काय जेवता?" वरण-भात, उसळ, दही. आणि जेवण झालं की गोळी. औषध जेवणानंतर घ्यायचं, रिकाम्या पोटी नाही, हे आपल्याकडे आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं. त्यांनी समजावलं: प्रथिनं पचून जी अमिनो आम्लं होतात ती आणि लेव्होडोपा, दोघांना आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायला दार एकच. उसळ आणि दही दारात गर्दी करतात, गोळी बाहेर ताटकळत उभी राहते. हे पथ्य माझ्या सुरुवातीच्या कागदांत लिहिलेलं होतं म्हणे. असेल. सात वर्षांपूर्वी त्या कागदांत मी काहीच वाचलेलं नव्हतं, फक्त आजाराचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं होतं.

आता संध्याकाळ. साडेपाच ते साडेसात वरची रेषा उसळलेली, रोजच, आणि शनिवारी तर डोंगर. "ही पाचची गोळी एवढं करणार नाही," डॉक्टर म्हणाले. "चारच्या सुमाराला आणखी काही घेता का?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्यालाही माहीत नव्हतं.

झालं होतं असं. वर्षभरापूर्वी सांगलीहून वहिनीचा फोन आला होता. कुणाला तरी कंपवातावर कौंचबीजाच्या चूर्णाचा फार गुण आला. इथे इंडियन ग्रॉसरीच्या दुकानात एका कोपऱ्यात ती बाटली मिळते, हळद-त्रिफळाच्या शेजारी. मी आणली. दुपारच्या खड्ड्यात अगदी नको जीव व्हायचा, म्हणून चार वाजता दुधातून एक चमचा. तासाभराने खरंच अंग मोकळं व्हायचं. काही महिन्यांनी संध्याकाळी खांदा हलतोय असं वाटायला लागलं. मी म्हटलं, थरथर वाढली. म्हणून चमचा दीड केला.

कौंच म्हणजे खाजकुइली. आम्ही शाळेत बाकावर टाकायचो तीच, जिच्या शेंगेवरच्या कुसळांनी अंग ओरबाडून काढावंसं वाटतं. तिच्या बियांमध्ये खराखुरा लेव्होडोपा असतो. आयुर्वेदात ती कंपवातावर उगीच सांगितलेली नाही. पण बाटलीतल्या चमचाभर पुडीत तो किती आहे हे ना दुकानदाराला माहीत, ना वहिनीला, ना मला. वर माझ्या गोळ्यांमधलं बेन्सेराझाइड अंगात होतंच, त्यामुळे तो चूर्णातला लेव्होडोपाही बिनाअडथळा मेंदूपर्यंत जात होता. म्हणजे मी रोज चार वाजता मोजमाप नसलेली सहावी गोळी घेत होते, ती पाचच्या गोळीवर चढत होती, आणि जास्त औषधाने होणारी वळवळ थरथर समजून मी औषध आणखी वाढवत होते.

डॉक्टर रागावले नाहीत. पुढच्या वेळी बाटली घेऊन या, एवढंच म्हणाले. आणि चूर्ण एकदम बंद न करता आठवडाभरात कमी करत आणायला सांगितलं. नवरा मात्र रागावला. गाडीत वेरिबी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि मग म्हणाला, "शनिवारी मला वाटलं होतं, तू भजनात रंगलीस." मला हसू फुटलं. तोही हसला, पण थोड्या वेळाने.

त्या भेटीत आणखी एक विषय निघाला. इथे डॉक्टरांच्या तोंडी पाच-दोन-एक असा एक ठोकताळा असतो. दिवसाला लेव्होडोपाच्या पाच किंवा जास्त मात्रा, दोन किंवा जास्त तास ऑफ, एक किंवा जास्त तास त्रासदायक वळवळ, यांतलं काही आलं की मेंदूतल्या इलेक्ट्रोडच्या शस्त्रक्रियेचा किंवा पोटातून सतत औषध सोडणाऱ्या पंपाचा विचार करायची वेळ झाली का ते बघायचं. कागदावर माझे तिन्ही आकडे भरत होते. माझ्या पायातलं बळ गेलं. डॉक्टर म्हणाले, "चूर्ण आणि उसळ वजा केल्यावर काय उरतं ते आधी बघू. या कागदावर आज निर्णय घेतला तर तो तुमच्या किराणा दुकानावर घेतल्यासारखा होईल."

गोळ्या बदलल्या नाहीत, वेळा बदलल्या. दीडची गोळी पाऊण वाजता रिकाम्या पोटी आली, जेवण दीड वाजता. उसळ, पनीर, दही रात्रीच्या जेवणात गेलं. सोपं वाटतं, पण दुपारी वरण नसलेला भात म्हणजे काय ते मराठी माणसालाच कळेल. भाजी-भाकरी, थालीपीठ, तांदळाची उकड, असं काय काय करून बघितलं. ताक सोडवलं नाही. पहिले दहा दिवस संध्याकाळी चूर्णाची इतकी आठवण यायची की मी ती बाटली नवऱ्याला लपवून ठेवायला सांगितली.

पुण्यात माझ्या मावसभावाला हाच आजार आहे. तिथल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात तो जातो. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. मी त्याला घड्याळाचं सगळं कौतुक सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "ताई, आम्ही मोबाइलने भागवतो." त्याच्या मुलाने तीन वेगवेगळ्या वेळी एकेक मिनिटाचा व्हिडिओ काढला: गोळीच्या आधी, गोळीनंतर तासाने, आणि दुपारी चारला बाबा खुर्चीतून उठताना. वर वेळ आणि शेवटची गोळी कधी घेतली ते बोलून ठेवलं. डॉक्टरांनी ते बघितले आणि औषध बदललं. मला जरा खट्टू व्हायला झालं, पण खरं सांगायचं तर माझ्या स्टेशनवरच्या फाटकाचा व्हिडिओ असता तर तो घड्याळापेक्षा जास्त बोलला असता. कारण कागदावर मी ती वेळ शोधली होती. चौथा दिवस, तीन वाजून काही मिनिटं. तिथे नुसतं 'मंद' दिसत होतं, आदल्या दिवशी मी सोफ्यावर पेपर वाचत होते तेव्हासारखंच. घड्याळ एका मनगटाचं. पाय चिकटले ते त्याला कळत नाही. पहाटे उजव्या पायाची बोटं वाकडी होऊन आवळतात आणि मी अंथरुणात बसून ती दाबत राहते, तेही त्याला कळत नाही. आणि काही दिवस सकाळी उठावंसंच वाटत नाही, त्याला तर कुठलंच यंत्र नाही. हे तिन्ही मी आता यादी करून नेते. मराठीत लिहिलेली यादी, अक्षर मोठं यावं म्हणून रेघांच्या वहीत एक ओळ सोडून.

तीन महिन्यांनी घड्याळ पुन्हा आलं. या वेळी उजव्या हातात घातलं आणि अंगठा गोळी गिळल्यावरच ठेवला. दुसऱ्या कागदावर दुपारचा खड्डा पुष्कळ भरलेला होता, पूर्ण नाही. संध्याकाळचा डोंगर गेला होता. पहाटेचा मंदपणा तसाच, त्यासाठी आता रात्री एक लांब असर टिकणारी कॅप्सूल सुरू केली आहे. पंपाचा आणि शस्त्रक्रियेचा विषय डॉक्टरांनी पुढच्या वर्षावर टाकला. कागद बघून झाल्यावर ते उठायला लागले तेव्हा मीच म्हटलं, "बोटं आपटायची नाहीत का?" ते परत बसले. मी आपटली. उजवी डावीपेक्षा हळू होती आणि पाचव्या-सहाव्या वेळेला अडकली, आणि या वेळी मी ती सावरून घेतली नाही.

त्या दुसऱ्या खेपेतही पाचवा दिवस दुसरा शनिवार होता. पॉइंट कुक, पेटी, टाळ, ढोलकी. मी भिंतीला टेकून बसले होते. खांदे जागच्या जागी, मान स्थिर, हात मांडीवर, आणि भजन इतकं छान चाललं होतं की दोनदा डोळ्यांत पाणी आलं. मसालेभाताची ताटली हातात देताना मैत्रीण जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काय गं, आज मन लागलं नाही का?"